उत्तन-पाली ते चौक : खडकाळ किनाऱ्यावरची छोटी वाट आणि भरतीचे गणित

गायमुख_काठची

नमस्कार. ठाणे तालुक्याला खुल्या समुद्राचा किनारा आहे असे मी सांगते, तेव्हा घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीतील बहुतेकांना ते आधी खरे वाटत नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे खाडी, खारफुटी आणि चिखल. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वसईपासून डहाणूपर्यंतचा सगळा लांबलचक किनारा त्या जिल्ह्यात गेला. गोराई आणि मनोरी मुंबई उपनगरात मोडतात. या दोहोंच्या मधे, वसईच्या खाडीच्या दक्षिण तोंडाशी, उत्तन, पाली आणि चौक या गावांचा तेवढा तुकडा ठाणे जिल्ह्याकडे उरला. हा तुकडा लहान आहे, पण त्यावरची पालीच्या वेलंकनी मातेच्या चर्चच्या बाजूने चौकच्या बंदराकडे कातळांवरून जाणारी वाट मला या परिसरातली सर्वांत सुंदर पायवाट वाटते. तिच्याविषयी इथे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

वाट म्हणजे आखीव रस्ता समजू नये. कुठे वाळूचा पट्टा, कुठे दगडगोटे, कुठे माणसाच्या उंचीचे कातळ, आणि मधे एखादी घळ ओलांडता येत नसेल तर किनारा सोडून गावातून वळसा घ्यायचा. सरळ रस्त्याने हे अंतर म्हणजे थोड्या वेळाची चाल आहे. किनाऱ्याने मात्र मला तास-सव्वातास लागतो, कारण पाऊल कुठे ठेवायचे हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

पहिल्या खेपेला आम्ही तिथे गेलो ती पौष पौर्णिमा होती. मी, माझी आई आणि बारा वर्षांचा भाचा. संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो तेव्हा पाणी इतके लांब गेले होते की भाचा म्हणाला, ‘मावशी, समुद्र संपला का गं?’ आम्ही कातळांवरून बरेच पुढे गेलो, एक कोरडी घळ सहज ओलांडली आणि पलीकडच्या सपाट खडकावर बसलो. समोर सूर्य बुडाला आणि पाठीमागून चंद्र वर आला. उठावेसे कोणालाच वाटेना. सव्वासात वाजता उठून परत त्या घळीशी आलो तर तिच्यात गुडघाभर पाणी होते आणि प्रत्येक लाटेसरशी ते मांडीपर्यंत चढत होते. आईचे वय अडुसष्ट. अंधारात, शेवाळावर, पाण्यातून तिला नेणे शक्यच नव्हते. शेवटी आम्ही मागे वळून कातळांवरून वरच्या अंगाला चढलो आणि एका घरामागच्या खळ्यात निघालो. तिथल्या बाईंनी बॅटरी दाखवत आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडले आणि निरोप देताना एकच प्रश्न विचारला : ‘पुनवेला संध्याकाळची कशाला आलात?’

त्या प्रश्नाचा अर्थ मला घरी आल्यावर, दिनदर्शिकेसमोर उभी राहिल्यावर कळला. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही दिवशी पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते, दुपारी आणि मध्यरात्री. त्यामुळे पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. म्हणजे पौर्णिमेला सूर्यास्त पाहायला गेलेल्या माणसाला समुद्र सर्वांत दूर गेलेला दिसतो, तो निर्धास्तपणे पुढे जातो, आणि नेमका अंधार पडू लागला की पाणी परत फिरते. त्यातही ते उधाणाचे पाणी.

भरतीचे जुने गणित अनेकांच्या आजी-आजोबांना तोंडपाठ असे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणून भरती सव्वादोनला आणि ओहोटी साधारण साडेआठला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. याचे कारणही सरळ आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या पाठोपाठ सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे जवळपास तेवढेच. हिशेब अर्ध्या तासाने इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून आता मी बंदराचे भरती-ओहोटीचे तक्तेही पाहते. पण तिथीने अंदाज मनात पक्का असला की तक्त्यातली चूकसुद्धा लक्षात येते.

दुसरी गोष्ट मला त्या घळीने शिकवली. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी आणि भरती यांच्यामधल्या सुमारे सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात पाणी एकूण फरकाच्या बाराव्या हिश्शाने चढते, दुसऱ्यात दोन हिश्शांनी, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिश्शांनी, आणि मग पुन्हा मंदावते. उधाणाच्या दिवशी फरक चार मीटर असेल तर मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी वाढते. ओहोटीनंतरचा पहिला तास इतका संथ असतो की माणूस गाफील राहतो. आम्ही तसेच राहिलो होतो.

म्हणून आता माझा नियम ठरलेला आहे. द्वितीया ते चतुर्थी या तिथी पाहायच्या, सकाळी जायचे, पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पालीला उतरायचे आणि पाणी परत फिरायच्या आत चौकला पोहोचायचे. अशा सकाळी पाणी आपल्यापुढे मागे सरकत असते आणि रात्रभर भिजलेले खडक एकेक करून उघडे पडत असतात. सर्वांत वर करड्या, कोरड्या कातळावर मिरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फटींमध्ये दाटीने बसलेल्या दिसतात. त्याखाली पांढऱ्या खरखरीत बार्नॅकलचा, म्हणजे खडकाला कायमचे चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जीवांचा पट्टा, त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेली कालवे, आणि आणखी खाली हिरवे शेवाळ आणि डबकी. डबक्यांपाशी थांबावे. गेल्या खेपेला परातीएवढ्या एका डबक्यात मी दहा मिनिटे पाहत उभी होते. तळाशी एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, उमललेले होते, बोटभर कोळंबी त्याच्याभोवती फिरत होती, पण जवळ जात नव्हती, आणि शंखात घर केलेला एक खेकडा माझी सावली पडली की थबके आणि सावली हलली की चालू लागे.

चौकला पोहोचलात की टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. ही धारावी म्हणजे मुंबईतली वस्ती नव्हे. या भागाला पूर्वी धारावी बेट म्हणत. १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेत या जागेसाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात झुंज झाली, कारण इथून खाडीच्या तोंडावर नजर राहते आणि वसईला समुद्रातून येणारी मदत अडवता येते. तिथे उभे राहिले की ते पुस्तकाविना समजते. समोर पाण्यापलीकडे वसईचा किल्ला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला.

मला मात्र तिथे उभे राहून दरवेळी वेगळेच वाटते. ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. आमच्या गच्चीतून गायमुखाला, नागला बंदराला जे पाणी दिसते, तेच इथे समुद्राला मिळते. इतकी वर्षे मी ते पाणी पाहत होते आणि ते कुठे जाते हे पाहायला मात्र कधी गेले नव्हते.

जायचे कसे : भाईंदर पश्चिमेहून उत्तन-चौककडे महापालिकेच्या बस जातात. पायांत पट्ट्याचे, रबरी तळाचे बूट असावेत. चपला घालून या कातळांवर जाऊ नये. आणखी कोणी ही वाट चालले असल्यास कृपया आपला अनुभव लिहावा.

वाटसरू_कळवा

ताई, लेख वाचून लगेच जावेसे वाटले. एक शंका आहे. माझ्या वडिलांचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे, पण समुद्र पाहायची त्यांना फार हौस आहे. आपण सांगता ती वाट त्यांना जमेल का? नसेल तर त्यांच्यासारख्यांसाठी तिथे कठडा असलेली सिमेंटची पायवाट का होऊ नये? वरळीला, मरीन ड्राइव्हला म्हातारी माणसे आरामात फिरतात. आपल्या ठाणेकरांनी मात्र किनाऱ्यावर जायचे तर गुडघे शाबूत हवेत, हे मनाला पटत नाही.

चौकची_लेक

माझे माहेर चौकचे, आणि लग्नानंतर गेली बावीस वर्षे मी ठाण्यात राहते. आमच्या वाटेवर कोणी इतक्या आपुलकीने लिहिलेले प्रथमच वाचले, म्हणून काही गोष्टी भर म्हणून आणि एक-दोन दुरुस्ती म्हणून लिहिते.

आमचे घर ख्रिस्ती आहे, तरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिथी दाखवणारी दिनदर्शिका कायम टांगलेली असे, आणि तिच्यातली एकादशी किंवा चतुर्थी आमच्यासाठी उपासाची नव्हे तर पाण्याची असे. बाबा डोलीला जात. डोल म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेले, लांब पिशवीसारखे जाळे. त्याचे तोंड पाण्याच्या ओढीकडे असते आणि ओढीबरोबर येणारी मासळी त्यात शिरते. म्हणजे जाळे मासळीमागे धावत नाही, पाणीच मासळी आणून देते. त्यामुळे पाण्याला ओढ नसेल तर डोलीला काही लागत नाही. पुनव आणि अवस यांच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा ओढ जबर आणि काम फार. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, पाणी जेमतेम हलते, तेव्हा जाळी दुरुस्त करायची, घरची कामे उरकायची. आमच्या घरात पाहुण्यांना जेवायला बोलवायचे ते भांगाला आणि बाजारात जास्त माल न्यायचा तो उधाणाला, असा क्रम होता. शाळेत मला भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा बाईंनी ‘भांगाची भरती’ हा शब्द फळ्यावर लिहिला, आणि आमचा घरचा शब्द पुस्तकातही आहे याचे मला फार नवल वाटले होते. ओहोटीला आमची आजी ‘सुकती’ म्हणत असे.

गायमुखताईंना ज्या बाईंनी बॅटरी दाखवली त्यांचा प्रश्न मला नीट समजतो. आमच्याकडे मुलांना पोहायला शिकवण्याआधी पाणी केव्हा फिरते हे शिकवतात.

आता दुरुस्ती. तिथीवरून फक्त वेळ कळते, लाट कळत नाही. दूर समुद्रात वारा सुटला असेल तर ओहोटीच्या वेळीसुद्धा एखादी मोठी लाट कातळावर अचानक येते. म्हणून कडेला उभे राहण्याआधी पाच-दहा मिनिटे पाण्याकडे नुसते पाहावे. ज्या खडकाचा माथा ओला आहे तिथे लाट येऊन गेलेली आहे, तिथे उभे राहू नये. आणि पावसाळ्यात त्या वाटेवर अजिबात जाऊ नये, तिथी कोणतीही असो. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, ती मासळीच्या विणीसाठी आहेच, पण त्या दिवसांचा समुद्र कसा असतो हेही त्यावरून ओळखावे. आणखी एक : पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दिवसा येते, हिवाळ्यात मोठी भरती रात्रीची असते. हिवाळ्यात दिवसा पाहिलेल्या पाण्याच्या खुणेवर पावसाळ्याचा अंदाज बांधला तर तो चुकतो.

शेवटी एक विनंती. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत किनाऱ्याच्या खळ्यांमध्ये बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. फिरायला येणारे लोक त्यांच्याखालून वाकून जातात, फोटोसाठी दोरी हलवतात. बोंबील असे बांधलेले नसतात, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकलेली असते. माझ्या आईचा हात इतका झरझर चाले की नजरेला नुसती चांदीची रेघ दिसे. दोरीला धक्का लागला तर जोड्या सुटून वाळूत पडतात, वाळू लागलेला बोंबील गिऱ्हाईक घेत नाही, आणि तो पुन्हा धुतला तर वाळायला पुन्हा तितकेच दिवस लागतात. कृपया वलांडीच्या बाहेरून जावे आणि तिथे बसलेल्या बायांना विचारून पुढे जावे. त्या वाट दाखवतात. कोणती घळ आज कोरडी आहे हेही सांगतात.

दगड_आणि_माती

मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, आता नोकरीनिमित्त घणसोलीला राहतो. या किनाऱ्याविषयी दोन गोष्टी सांगण्याचा मोह आवरत नाही.

सह्याद्री आणि मुंबई परिसर म्हटला की आपल्याला काळा बेसाल्ट आठवतो. दख्खनचा बराचसा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला. परंतु मनोरी, गोराई आणि उत्तन या पट्ट्यात त्यानंतरच्या काळातला वेगळा खडक आढळतो. तो रायोलाइट. त्यात सिलिका जास्त असते, त्यामुळे तो फिकट रंगाचा असतो, आणि त्याचा लाव्हा बेसाल्टसारखा पातळ होऊन दूरवर पसरत नाही, तर काकवीसारखा घट्ट राहतो. या पट्ट्यातील अशा खडकांचे वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षे निघाले आहे. म्हणजे दख्खनचा मुख्य उद्रेक ओसरल्यावरही इथे ज्वालामुखी काही काळ जागा होता.

वाट चालताना खडकाच्या ताज्या फुटलेल्या कडेकडे पाहावे, वरच्या बुरसटलेल्या पापुद्र्याकडे नव्हे. कडेवर फिकट पिवळसर किंवा गुलाबी झाक दिसली तर त्यापाशी जरा थांबावे. आणि घळी सरळ रेषेत का असतात याचेही कारण खडकातच असते. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला चिरा पडतात, लाटा त्या चिरांमध्ये शिरून नेमक्या तिथेच खडक झिजवत जातात. ताईंना अडवणारी घळ अशाच एखाद्या चिरेची असण्याचा संभव मोठा आहे. कृपया हातोडी घेऊन जाऊन तुकडे काढू नयेत. पाहण्यासारखे सगळे तिथे उघड्यावरच आहे.

ऐरोलीकर

आम्हा नवी मुंबईकरांच्या वाट्याला खडक नाही, चिखल आहे, पण गणित तेच आहे. मी ऐरोलीच्या बाजूने रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला जातो. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात आणि भरती आली की तिथून उठून वरच्या पाणथळ जागी जातात, म्हणजे तेही तिथीनेच चालतात असे म्हणायला हरकत नाही. फक्त खाडीत वरच्या अंगाला पाणी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पाऊणपटीने आलेल्या वेळेत काही मिनिटांची भर घालावी लागते. गायमुखाला आणि चौकला एकाच क्षणी भरती होत नसणार, हे गायमुखताईंनी एकदा घड्याळ लावून पाहावे.

गायमुख_काठची

सर्वांचे मनापासून आभार. चौकच्या ताई, लाटेविषयीची दुरुस्ती मान्य आहे. मी ती लिहायला हवी होती. वलांडीविषयी आपण लिहिलेले वाचून मला माझी दुसरी खेप आठवली. तेव्हा आम्ही दोरीखालून वाकूनच गेलो होतो. पुन्हा तसे होणार नाही.

वाटसरूदादा, आपल्या प्रश्नाला सरळ उत्तर देते : ही वाट आपल्या वडिलांना जमणार नाही, आणि त्यांना तिथे नेऊ नये. माझ्या आईलाही मी त्या दिवसानंतर कातळांवर नेलेले नाही. पण म्हणून त्या कातळांवर सिमेंट ओतावे, या मताशी मी अजिबात सहमत नाही, आणि हे मी निसर्गाच्या नुसत्या ओढीने म्हणत नाही.

भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधली जागा सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वाधिक जपावयाच्या भागांत मोडते. ते योग्यच आहे, कारण मी वर लिहिलेले चारही पट्टे, गोगलगायींपासून शेवाळापर्यंत, तेवढ्याच उतारावर एकाखाली एक वसलेले असतात. बार्नॅकलला आपली जागा सोडून जाता येत नाही. त्यावर पायवाट आली की तो पट्टा गेला. डबकी तर सपाटीकरणात सर्वांत आधी बुजतात. शिवाय कातळ हा लाटेचा जोर मोडतो. त्याच्या खाचा-खळग्यांत पाणी फुटून विखुरते. गुळगुळीत उभ्या भिंतीवर आदळलेली लाट तशी विखुरत नाही, ती मागे फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. ज्या गावांची खळी आणि होड्या त्या वाळूवर आहेत त्यांचा विचार आधी व्हावा, फिरायला येणाऱ्या माझ्यासारखीचा नंतर.

तरीही आपल्या वडिलांचा हक्क मला मान्य आहे. चौकच्या बंदरापर्यंत रस्ता जातो. तिथे सावली, बसायला चार बाके आणि स्वच्छतागृह असावे ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून करावी. मी त्यावर पहिली सही करीन. म्हाताऱ्या माणसाला समुद्र पाहण्यासाठी समुद्रात रस्ता लागत नाही, पाण्याजवळ निवांत बसायला जागा लागते. आपण वडिलांना बंदरावर न्यावे. तिथेही तिथी पाहूनच न्यावे, म्हणजे पाणी फिरताना पाहायला मिळेल.

वाटसरू_कळवा

आपले म्हणणे मला पूर्ण पटले असे नाही. कठड्याशिवाय, भिंतीशिवाय, निदान सुरुवातीच्या टप्प्यात काही पायऱ्या करता येतील असे मला अजूनही वाटते. पण बाकांच्या मागणीवर दुसरी सही माझी धरावी. येत्या वद्य तृतीयेला रविवार आहे. वडिलांना घेऊन जातो आणि कळवतो.

निवृत्त_शिक्षिका_नौपाडा

एक व्यवहाराची सूचना. कालवांच्या आणि बार्नॅकलच्या कडा पात्यासारख्या असतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा तळहात सहलीत असाच कापला गेला होता. जखम किरकोळ वाटली म्हणून तिने समुद्राच्याच पाण्याने हात धुतला, आणि चार दिवसांत तो सुजला. तोल गेला तरी हात कातळावर टेकू नयेत, शक्यतो बसून घ्यावे. सोबत गोड्या पाण्याची एक वेगळी बाटली ठेवावी, जखम त्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी आणि डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. मुले बरोबर असतील तर गटात पुढे एक आणि मागे एक मोठे माणूस असावे.

चौकची_लेक

शिक्षिकाबाई, अगदी खरे. कालवे काढणाऱ्या आमच्याकडच्या बायांच्या बोटांवर पांढऱ्या बारीक रेघा असतात, त्या याच कापण्याच्या. वाटसरूदादा, पायऱ्यांचे गावात विचारून पाहावे. काही ठिकाणी होड्या ओढायच्या जागा आहेत, तिथे पायरी आली तर होडी वर घेता येणार नाही. जिथे तशी अडचण नाही तिथे कोणी नाही म्हणेल असे मला वाटत नाही, पण आधी विचारलेले बरे.

वाटसरू_कळवा

जाऊन आलो, म्हणून लिहितो.

तिथीच्या हिशेबाने ओहोटी साडेआठला होती, तक्त्यात आठ चाळीस दाखवली होती. आम्ही आठ वाजता चौकच्या बंदरावर पोहोचलो. बसायला काही नव्हते, म्हणून घरून घडीची खुर्ची नेली होती. एका होडीच्या सावलीत वडिलांना बसवले आणि मी थोडा वेळ कातळांवर जाऊन आलो. सांगितल्याप्रमाणे आधी पाण्याकडे पाहत दहा मिनिटे उभा राहिलो. जाताना एका खळ्यात बायांना विचारले, त्यांनी वलांडीच्या बाहेरून जाणारी वाट हाताने दाखवली. दगड_आणि_माती यांनी सांगितलेली फिकट गुलाबी कड मला एका ठिकाणी दिसली असे वाटते, पण खात्रीने सांगता येणार नाही.

परत आलो तेव्हा वडील खुर्चीत पुढे झुकून एकटक समोर पाहत होते. खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या होड्या होत्या. मी गेलो तेव्हा त्या सगळ्यांची तोंडे आत, खाडीकडे होती, कारण पाणी बाहेर ओढत होते. वडिलांनी मला हाताने गप्प बसायची खूण केली. पावणेनऊ वाजून गेले होते. होड्या काही वेळ कुठेच तोंड न धरता वेड्यावाकड्या तरंगत राहिल्या, दोरखंड सैल पडले. मग सर्वांत बाहेरची निळी होडी हळूहळू वळू लागली, तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. वीसेक मिनिटांत सगळ्या होड्या समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वडील बोटांवर मोजत होते. ‘अकरा,’ ते म्हणाले, ‘आणि ती मागची छोटी अजून राहिली आहे, थांब जरा.’